जर्मनचं काम: साडेतीन तारे

परवा एक मुलगा टॅब घेऊन दारात आला. पंचविशीतला, पाठीवर सॅक, बुटांना आमच्या रानाची माती. "मावशी, सर्व्हे आहे, वीस मिनिटं लागतील." बसला ओट्यावर. विहिरीला पाणी किती महिने टिकतं, दुभती जनावरं किती, संडास आहे का, गॅस आहे का, बचत गटात आहात का, घरात निर्णय कोण घेतं. शेवटच्या प्रश्नाला मालक आतून खोकले. प्रश्न संपले तसं मी विचारलं, "आणि संस्थेबद्दल?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या लोकांनी इथे काम कसं केलं, ते नाही का विचारायचं?"

त्याने बोट वरखाली फिरवलं. तसा रकानाच नव्हता. शेवटी तळाशी 'इतर' नावाचा एक चौकोन सापडला. त्यात त्याने 'समाधानी' असं टाकलं आणि चहा पिऊन पुढच्या घरी गेला.

मी मुलाच्या फोनवरून घरघंटीचा रिव्ह्यू लिहिलाय. कुकरचा लिहिलाय. एका साडीच्या दुकानाला एकच तारा दिलाय, कारण दुसऱ्या धुण्यात काठाचा रंग पदराला लागला. मग ज्या सेवेत माझी धडधाकट वयातली पाच-सहा वर्षं गेली, तिला एका चौकोनात 'समाधानी' म्हणून सोडायचं हे काही पटलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू. लांब आहे, घाई असेल त्यांनी तारे बघून पुढे जावं.

गावात या सेवेचं नाव 'जर्मनचं काम'. कागदावर इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. पैसा जर्मन सरकारचा. मुख्य कामाचा पैसा केएफडब्ल्यू या त्यांच्या बँकेतून नाबार्डकडे, म्हणजे आपल्या शेती-ग्रामविकासाच्या बँकेकडे यायचा आणि तिथून गावाच्या खात्यात. त्याआधी गावाने शिकायचं, शंभर-दीडशे हेक्टरवर हात बसवायचा, त्या पहिल्या टप्प्याचा पैसा जीटीझेड या जर्मनीच्याच तांत्रिक मदत संस्थेचा, तो 'वॉटर' या संस्थेमार्फत यायचा. या सगळ्यामागे हर्मन बाखर म्हणून एक स्विस पाद्री होते. नगर जिल्ह्यात त्यांना हरीभाऊ म्हणायचे. 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबोंबरोबर 'वॉटर' सुरू केली तीही त्यांनीच. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ते याच कार्यक्रमातलं.

पण आमच्या दारात ना केएफडब्ल्यू आली, ना नाबार्ड. आली ती एक लहानशी स्थानिक संस्था: भाड्याच्या दोन खोल्या, एक जुनी जीप, चार पोरं आणि एक ताई. रिव्ह्यू तिचा आहे. नाव लिहीत नाही. त्यातले निम्मे लोक आता तिथे नाहीत, आणि उरलेल्यांकडून अजून दिवाळीला फोन येतो.

आधीचा माल कसा होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं माहेर पारनेरकडचं. 1972 च्या दुष्काळात मी सहा वर्षांची. आई खडी फोडायला जायची आणि आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी रेशनवर मिळायची, मिलो म्हणायचे तिला. भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ली की पोटात दगडासारखी बसायची. त्याच धान्याबरोबर काँग्रेस गवत आलं असं आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. त्या मदतीने आम्ही जगलो, तिला नावं ठेवणार नाही. पण काय हवंय हे कोणी आईला विचारलं नव्हतं. रोजगार हमीवर माहेरी एक पाझर तलाव झाला. जागा साहेबांनी ठरवली. तो पाझरतो, पण शेजारच्या गावाला.

तर 1996 च्या दिवाळीनंतर ही मंडळी आमच्या पठारावर आली. तेव्हा आमच्याकडे बाजरी, हुलगा, मठ, आणि एप्रिल लागला की टँकर. आम्हाला वाटलं, आले म्हणजे उद्या काम निघेल. डिलिव्हरीच्या बाबतीत म्हणाल तर अतिशय संथ. वर्षभर नुसत्या बैठका. मारुतीच्या देवळात, रात्री जेवणानंतर, बत्तीच्या उजेडात. पहिली अट, प्रत्येक घराने चार दिवस फुकट राबून दाखवायचं, मग पुढचं बोलू. मग कुऱ्हाडबंदी. मग चराईबंदी. ऊस लावायचा नाही. बोअर मारायचं नाही. दर बैठकीला एक नवी अट निघाली की देवळातले निम्मे लोक उठून जायचे आणि पुढच्या वेळी परत यायचे. गावातल्या दोन भावक्या एकमेकींच्या लग्नाला जात नव्हत्या, त्यांना एका समितीत बसवायला संस्थेच्या ताईला पाच महिने लागले. जर्मनीहून चेक लिहायला किती वेळ लागला असेल? तर खरा खर्च या पाच महिन्यांचा होता, आणि तो कुठल्याही फलकावर लिहिलेला नाही.

मजुरीवरून झालेलं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. नियम असा की अकुशल कामाच्या मजुरीतले 16 टक्के गावाने श्रमदान म्हणून सोडायचे. भूमिहीनांना आणि एकट्या बाईच्या घराला त्यातून सूट. एक जण उभा राहिला, "जर्मनीने शंभर दिलेत ना? मग आमच्या हातात चौऱ्याऐंशी का? सोळा कोणाच्या खिशात?" देवळात एकदम शांतता. मला वाटलं, आता हे लोक रागावून निघून जाणार. ताईने पेटीतून वही काढली, त्याच्याच हातात दिली आणि म्हणाली, "दादा, आजपासून हा हिशेब तुम्ही मोठ्याने वाचायचा. दर महिन्याला." झालं, तो माणूस चार वर्षं हिशेब वाचत होता. देखभाल निधीत किती गेले, मस्टरवर किती नावं, दगडाच्या ट्रिपा किती. एकदा ट्रिपा एकोणीस आणि बंधाऱ्यावर दगड चौदाचाच दिसतोय असं निघालं. ट्रॅक्टर समितीतल्याच एकाच्या मेहुण्याचा. पाच ट्रिपांचे पैसे त्याने परत भरले. खात्यावर समिती आणि संस्था दोघांच्या सह्या लागायच्या, त्यामुळे एकट्याला पैसे काढायची सोय नव्हती. गावात याआधी सरकारी कामं झाली नव्हती असं नाही, पण कोणत्या कामाला किती आले हे देवळात वाचून दाखवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता या सेवेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तिला ते 'नेट प्लॅनिंग' म्हणायचे. गट नंबरचा नकाशा घेऊन प्रत्येकाच्या शेतात जायचं, आणि बांध कुठे, चर कुठे, झाडं कोणती हे तिथे उभं राहून ठरवायचं. शेतात नवरा आणि बायको दोघं हजर पाहिजेत. आमच्याकडे पोरगा आला तेव्हा मालक म्हणाले, "तिला काय कळतंय, तिला भाकरी टाकू दे." पोरगा म्हणाला, "बरं काका, वहिनी मोकळ्या असतील तेव्हा येतो," आणि सायकल वळवून गेला. असा तीन वेळा परत गेला. चौथ्या वेळी मालकांनीच वैतागून हाक मारली, "ये गं बाई, त्याला एकदाचं सांग."

मालकांनी बांध दाखवला तो खालच्या कडेला, शेजाऱ्याच्या हद्दीशी. मी म्हटलं, तिथे नको. पाऊस कोसळतो तेव्हा मालक देवळात असतात. शेळ्या सोडवायला रानात मी जाते. पाणी खालून नाही, वरून बोरीच्या बुंध्यापाशी शिरतं आणि तिथून माती घेऊन जातं. पोराने हातातली काठी बोरीपाशी रोवली, पाणीनळी लावून पातळी घेतली, गुडघ्यावर बसून त्या घळीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग त्याने नकाशावरची पेन्सिलची रेघ खोडरबराने पुसली आणि अकरा पावलं वर काढली. कागदाच्या खाली दोन सह्यांच्या जागा होत्या, एक त्यांची, एक माझी. सातबारा त्यांच्या नावावर. पण बांध कुठे घालायचा त्या कागदावर माझी सही आहे. तो बांध अजून आहे. त्याच्यावर दोन सीताफळं आहेत, आणि बोरीखालची घळ भरून तिथे आता बाजरी उभी राहते.

डोंगरमाथा वनखात्याचा. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे यायचं असतं, नाहीतर वरची माती पहिल्याच पावसात खालचे बंधारे भरून टाकते. वनखात्याच्या जमिनीत आम्ही कुदळ मारली असती तर गुन्हा झाला असता. त्या परवानगीसाठी संस्थेची पोरं किती वेळा नगरला गेली त्याला गणती नाही. फायली, नकाशे, पुन्हा फायली. गावातला माणूस दुसऱ्या हेलपाट्यालाच थकला असता, आणि जर्मनीतला माणूस तर कोणत्या टेबलाशी जायचं इथेच अडला असता. मधे कोणीतरी पाहिजे, ज्याला आमची भाषाही येते आणि कचेरीचीही. परवानगी आली तेव्हा माथ्यावर सलग समतल चर खोदले, 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल, सगळे एका पातळीत. पहिल्या पावसाळ्यात रात्रीच्या सरीनंतर सकाळी वर गेलो तर डोंगराला पाण्याच्या बांगड्या भरल्यासारखं दिसत होतं. तिसऱ्या वर्षापासून आमची विहीर मार्चपर्यंत टिकायला लागली. पाच वर्षांनी टँकर थांबला.

आता कटकटी.

एक, निर्धूर चूल. महिला समितीमार्फत आली. नळी सहा महिन्यांत काजळीने बुजली, भाकरी फुगेना, दुसऱ्या वर्षी मी तिच्यावर तुळस लावली. पण फोटो त्या चुलीचेच सगळ्यात जास्त काढले गेले. असो.

दुसरी गोष्ट चुलीइतकी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चराईबंदी गावाने ठरवली असं म्हणतात. गावातल्या एका आजीच्या आठ शेळ्या होत्या, जमीन गुंठाभर नाही. ती बैठकीत उठून म्हणाली होती, "माझ्या शेळ्या काय तुमच्या वहीवर चारू?" सगळे हसले. मीही हसले. तिला सांगितलं, चर खोदायची मजुरी मिळेल, नंतर गवत कापून नेता येईल. मजुरी मिळाली, चार वर्षं. त्यात तिने पाच शेळ्या विकल्या. गवत वाढलं खरं, पण डोक्यावर भारा आणायला तिच्या पायात बळ नव्हतं. पाणी वाढलं ते ज्यांच्या विहिरी खालच्या अंगाला होत्या त्यांचं. आमचीही त्यातलीच. संस्थेला हे दिसत नव्हतं असं नाही. ताई एकदा माझ्यापाशी बोलली होती, की भूमिहीनांसाठी आमच्याकडे मजुरीपलीकडे नीट काही नाही. तेवढं खरं बोलली त्याचे गुण देते. तारा मात्र कापते.

पाहुणे यायचे त्याचाही अनुभव सांगते. जर्मनीहून आलेल्या एक बाई रजिस्टर बघत होत्या आणि दुभाष्या भाषांतर करत होता. खालचा मातीबांध तेव्हा सांडव्यापाशी गळत होता. सकाळी आम्ही विचारलं, पाहुण्यांना हे सांगायचं का? नेट प्लॅनिंगवाला पोरगा म्हणाला, "गळतोय तर गळतोय म्हणा. तेच बघायला आल्यात त्या." आम्ही सांगितलं. बाई चिखलात उतरल्या, बूट काढून. पुढच्या महिन्यात एक इंजिनिअर आला आणि सांडवा नव्याने बांधून झाला. दोन वर्षांनी तो पोरगा नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या साहेबाने पाहुण्यांच्या आदल्या दिवशी आम्हाला बसवून कोण काय बोलणार ते पाठ करून घेतलं. संस्था तीच, जीप तीच.

माझी मुलगी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी घेऊन आलीय. (हाही त्या सेवेचाच परिणाम, ताईला बघून तिने ठरवलं. याचा तारा कुठे धरायचा कळत नाही.) तिला मी हा रिव्ह्यू वाचून दाखवला तर ती म्हणाली, आई, तू जे म्हणतेस त्याच्यावर मोठमोठ्या परिषदा झाल्यात. 2005 मध्ये पॅरिसला मदत देणारे आणि घेणारे देश बसले आणि मदतीवर घेणाऱ्याची मालकी पाहिजे असं कबूल केलं. पण तिथे घेणारा म्हणजे सरकार. संस्थाही विकासात स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या भागीदार आहेत हे 2008 मध्ये घानातल्या अक्राला मान्य झालं. मग संस्थांनाच प्रश्न पडला, की सरकारांचा हिशेब आपण मागतो, आपला कोण मागणार? तेव्हा 2010 मध्ये इस्तंबूलला जमून त्यांनी स्वतःसाठी आठ तत्त्वं लिहून घेतली. मी म्हटलं, वाच. स्त्री-पुरुष समानता आहे त्यात, तिथे आमच्या संस्थेला पूर्ण गुण, सही बोलते. पारदर्शकता आणि जबाबदारी आहे, वही वाचणारा दादा उभा आहे. आठवं तत्त्व आलं, टिकणारा बदल घडवणं. तिथे मी तिला थांबवलं.

कारण विक्रीपश्चात सेवा ही या सगळ्यातली सगळ्यात कच्ची बाजू. 2002 मध्ये काम संपलं. सत्कार झाला, नारळ, टोप्या, भाषणं. देखभाल निधी बँकेत ठेवला, व्याजावर बांधांची डागडुजी करायची ठरली. सात-आठ वर्षं बरं चाललं. मग समितीचा अध्यक्ष वारला, सचिव पुण्याला मुलाकडे गेला. बँकेत गेलो तर नवे साहेब म्हणाले, ठराव आणा, संस्थेचं पत्र आणा. संस्थेच्या दोन खोल्यांना कुलूप. नव्या प्रकल्पावर मंडळी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली. पत्र मिळायला चौदा महिने लागले, आणि तोवर वरचे दोन दगडी बांध फुटून गेले होते.

त्या काळात पाण्यानेच पाण्याचा घात केला. विहिरी भरल्या म्हणून डाळिंब आलं, डाळिंबासाठी बोअर आलं. एकाने मारलं, मग कोणाला अडवणार? बोअरबंदीचा ठराव रजिस्टरात आहे, माझीही सही आहे त्याखाली. पण संस्था गावात होती तोवर तिच्या तोंडाची भीड होती. ती गेल्यावर ती भीड कोणाची? आपलीच भावकी, आपलाच दीर. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या मे महिन्यात आमच्याकडे टँकर परत आला. ड्रायव्हर नवा होता, त्याला वस्तीवरची टाकी कुठे आहे ते दाखवायला मीच गेले.

यात सगळा दोष संस्थेचा नाही हे मला कळतं. प्रकल्पाचा पैसा प्रकल्पापुरता. काम संपल्यावर वर्षातून दोनदा येऊन ओट्यावर बसायचा पगार कोण देतं? आणि नंतर तर आणखी आवळलं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली. मोठ्या संस्थेने घेतलेला परदेशी पैसा आता लहान संस्थेला देता येत नाही, कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि पैसा पहिल्यांदा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. आमची संस्था मोठ्या संस्थेच्या हातून पैसा घेणाऱ्यांतली. हिशेब लिहिणारी बाई आधी गेली, मग ताई. ती आता एका खासगी शाळेत शिकवते. काही संस्थांनी परदेशी पैशावर नुसत्या जीपा फिरवल्या हेही मी पाहिलंय, त्यांचा हिशेब मागावाच. पण गावातल्या भावक्या एका सतरंजीवर बसवणारं माणूस दिल्लीच्या खात्यातून थेट येत नाही.

तारे असे. नेट प्लॅनिंगला एक पूर्ण. हिशेब वाचून दाखवण्याला एक पूर्ण. वनखात्याचे हेलपाटे आणि माथ्यावरचे चर मिळून एक पूर्ण. बाकीच्या दोनांतला एक आजीच्या शेळ्यांपायी गेला. शेवटच्यातला अर्धा देते, कारण फुटलेल्या दोन बांधांतला एक या मे महिन्यात बचत गटातल्या आम्ही अकरा जणींनी पुन्हा रचला, पातळी पाणीनळीनेच घेतली, आणि ते शिकवायला कोणाला बोलवावं लागलं नाही.

ज्यांच्या गावात अशी संस्था येणार असेल त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावं, की तुम्ही गेल्यावर खात्यावर सही कोणाची, आणि तो माणूस मेला तर कोणाची. लाजू नये. आम्ही लाजलो.

सेवा सध्या आमच्याकडे बंद आहे.